बहात्तरने नको, बहात्तरच्या वर्गमुळाने भागा

पाणबुडीची मॉडेलं करणाऱ्यांमध्ये एक मजकूर गेले काही महिने मोबाइलवरून फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: मॉडेल १:७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं असेल तर खऱ्या पाणबुडीच्या वेगाला ७२ने भागा, तोच स्केल वेग. त्याहून जोरात पळवलंत तर ते मॉडेल नव्हे, खेळणं. हे वाचून आमच्याकडे चिरेखाणीत साठलेल्या पाण्यात मॉडेल सोडणाऱ्या दोन शाळकरी मुलांनी मोटर इतकी मंद करून ठेवली की पाणबुडी बुडेचना. त्यांना वाटलं, आपलंच काम चुकलं. काम चोख होतं, हिशेब चुकीचा होता. म्हणून त्या मजकुरातला एकेक मुद्दा घेतो.

उदाहरणाला आपली कलवरी ही पाणबुडी. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १४ डिसेंबर २०१७ला नौदलात दाखल झालेली. लांबी ६७.५ मीटर, वेग पाण्याखाली २० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), पाण्यावर सुमारे ११. १:७२ला ती ९४ सेंटिमीटरची होते. मजकुराप्रमाणे या मॉडेलने पाण्याखाली सेकंदाला १४ सेंटिमीटर जायचं. माझ्या हिशेबाने १ मीटर २१ सेंटिमीटर.

“लांबी ७२ पट कमी झाली, मग वेगही तेवढाच कमी हवा.” ऐकायला सरळ वाटतं, पण यात गुरुत्वाकर्षण विसरलं गेलंय. आपण मॉडेल लहान करतो, गुरुत्वाकर्षण लहान करत नाही. पडवीतला झोपाळा बघा. आठ फुटी कड्यांचा झोपाळा जाऊन यायला जेवढा वेळ घेतो, त्याच्या निम्मा वेळ दोन फुटी कड्यांचा घेतो; पाव नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उभं राहिलं की हेच दिसतं. ट्रॉलर संथ डुलतो, शेजारची होडी भराभर मान हलवते. पाण्यातल्या लहान वस्तूचा काळच वेगळा चालतो, आणि तो लांबीच्या वर्गमुळाने बदलतो. ७२चं वर्गमूळ साधारण ८.५. लांबी ७२ पट कमी, काळ ८.५ पट कमी, म्हणून वेगही ८.५ पटच कमी. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात जहाजांची मॉडेलं पाण्यात ओढून हा नियम बसवला. १८७२ साली टॉर्कीला त्यासाठी खास टाकी उभी राहिली. आजही जहाजाचं मॉडेल टाकीत ओढताना वेग याच नियमाने ठरवतात.

“पाण्यावर जोरात गेलं की लाटा खोट्या दिसतात.” उलट आहे. खरी कलवरी ११ नॉटने जाताना तिच्यासोबत चालणाऱ्या लाटांची लांबी साधारण साडेवीस मीटर भरते, म्हणजे तिच्या अंगालगत तीनेक लाटा बसतात. मॉडेल सेकंदाला ६७ सेंटिमीटरने चालवा, लाट साडेअठ्ठावीस सेंटिमीटरची होते आणि तिथेही अंगालगत तीनेकच बसतात. नाळेवरचं, म्हणजे पुढच्या टोकावरचं पाणी तसंच चढतं. आता मजकुराचा वेग घ्या: सेकंदाला ८ सेंटिमीटर. पाण्याच्या पृष्ठभागावर कुठलीही लाट सेकंदाला २३ सेंटिमीटरपेक्षा हळू चालूच शकत नाही. त्यामुळे त्या वेगाला मॉडेलसोबत चालणारी एकही लाट उठणार नाही. पावसाळ्यात पऱ्यात काठी उभी धरून बघा. पाणी संथ असेल तिथे काठीपुढे काहीच उमटत नाही. धार जरा वाढली की बारीक सुरकुत्या दिसू लागतात. खोटं दिसतं ते हे, लाटेविना सरकणारी पाणबुडी.

“पाण्याखाली लाटाच नाहीत, तिथे फ्रूडचा नियम कशाला?” हा मुद्दा अर्धा बरोबर आहे. खोल पाण्यात मुख्य विरोध घर्षणाचा, आणि घर्षणाचा हिशेब वेगळा करावा लागतो हे फ्रूडलाही ठाऊक होतं. पण तो हिशेब, म्हणजे रेनॉल्ड्सचा नियम, काटेकोर पाळायचा तर मॉडेल खऱ्यापेक्षा ७२ पट वेगाने पळवावं लागेल, १४४० नॉटने! ७२ने भागायचा नियम तिथूनही निघत नाही.

शिवाय पाण्याखालीही वजन आणि उत्प्लावकता, म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा जोर, असतेच. पाणबुडीला खोली धरायला लावतात ते बाजूचे आडवे पंख, हायड्रोप्लेन. पंखांचा जोर त्यांच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. वजन-उत्प्लावकतेतला फरक लांबीच्या घनावर. वर्गमुळाने वेग काढला की दोन्ही बरोबर जुळतात. ७२ने भागलात तर पंखांचा जोर हवा त्याच्या बहात्तरावा हिस्साच उरतो. किंचित तरंगतं ठेवून पंखांच्या जोरावर बुडवायचं मॉडेल मग वरच राहतं. त्या मुलांचं नेमकं हेच झालं होतं.

“व्हिडिओत मात्र संथ मॉडेलच खरं वाटतं.” हे मी मान्य करतो. खरी कलवरी आपल्याच लांबीएवढं अंतर कापायला साडेसहा सेकंद घेते, मॉडेल पाऊण सेकंदात निघून जातं. डोळ्याला ती घाई जाणवते. पण त्यावर उपाय कॅमेऱ्यात आहे. फोनच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेऊन ३०ने दाखवलं की काळ आठ पट लांबतो, साडेआठच्या अगदी जवळ. पाणबुडीही संथ होते आणि लाटाही. मोटर मंद केली तर फक्त पाणबुडी संथ होते, पाणी आपल्याच घाईत राहतं.

वेग मोजायचा तो खाणीच्या स्थिर पाण्यात मोजा. खाडीत ओहोटीची ओढ हिशेबात मिसळते. काठाला दहा मीटरवर दोन खुंट्या ठोका. १:७२ची कलवरी पूर्ण वेगात पाण्याखालून सव्वाआठ सेकंदांत जायला हवी, पाण्यावरून पंधरा सेकंदांत. १:१४४चं मॉडेल असेल तर भागाकार १२ने: पाण्याखालून दहा मीटरला साधारण पावणेबारा सेकंद.