नमुना आठ नावावर झाला म्हणजे प्लॉट आपला झाला, असं नाही

‘ग्रामपंचायतीचा नमुना आठ नावावर झाला की प्लॉट पक्का, एनएची (बिगरशेती परवानगीची) कटकट नको’ असा मजकूर नागपूरजवळ हिंगणा आणि उमरेड रोडकडे घर शोधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतोय. तो चुकीचा आहे.

नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद. कर कोणाकडून घ्यायचा, एवढंच त्यातून कळतं. मालकी तपासायची तर सातबारा, जुने फेरफार आणि आधीची खरेदीखतं एकापाठोपाठ एक वाचावी लागतात. रजिस्ट्री झाली म्हणूनही निर्धास्त होऊ नका. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही.

सातबाऱ्यावर अजून शेतीच असेल तर अडचण मोठी. विदर्भाला १९५८ चा वेगळा कूळकायदा लागू आहे आणि शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. गावठाणाबाहेरच्या लेआउटला एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) मंजुरी आहे का, हेही विचारा. ‘आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) होऊनच जाईल’ हे तर नागपुरातलं आवडतं वाक्य! झालं असेल तर पत्र दाखवा म्हणावं. आणि ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरचे प्लॉट विकायला काढले असतील तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाचा, नोंदणी क्रमांक मागा.

भावाचं म्हणाल, तर समृद्धी महामार्ग आणि मिहान प्रकल्पाचं नाव घेऊन कच्च्या लेआउटलाही मंजूर प्लॉटचा दर सांगतात. मंजुरीच नसेल तर तो दर कशाचा, हे विक्रेत्यालाच विचारा. टोकन त्यानंतर.