काराबातिचने आधीच थांबायला हवे होते, असे म्हणणाऱ्यांसाठी

7 ऑगस्ट 2024 हा दिवस आपल्याकडे विनेश फोगाटच्या अपात्रतेच्या बातमीने व्यापून टाकला होता, आणि त्याआधीचा आठवडा स्वप्निल कुसाळेच्या कांस्यपदकाचा होता. त्यामुळे त्याच दिवशी फ्रान्समधील लील शहरालगतच्या छत टाकलेल्या एका फुटबॉल स्टेडियममध्ये निकोला काराबातिच नावाच्या चाळीस वर्षांच्या फ्रेंच हँडबॉलपटूची कारकीर्द संपली, याची दखल मराठीत फारशी कोणी घेतली नाही. हँडबॉल आपल्याकडे शाळेच्या क्रीडास्पर्धांपलीकडे क्वचितच पोहोचतो, त्यामुळे तक्रार करण्यातही अर्थ नाही. मात्र हँडबॉल पाहणाऱ्या मंडळींमध्ये तेव्हापासून एक मत सर्रास ऐकू येते. जानेवारी 2024 मध्ये जर्मनीतील कोलोन शहरात फ्रान्सला युरोपीय विजेतेपद मिळाल्यावरच त्याने निवृत्त व्हायला हवे होते, पॅरिस ऑलिम्पिकचा मोह त्याला नडला, असे ते मत आहे. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगायचे तर त्याच्या कारकिर्दीकडे पदकांच्या यादीपेक्षा थोडे निराळ्या बाजूने पाहावे लागेल.

पदकांची यादी तशी कोणालाही दिपवणारी आहे. 2008, 2012 आणि टोकियो अशी ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदके, 2016 चे रौप्य, 2009, 2011, 2015 आणि 2017 ही चार विश्वविजेतेपदे, 2006, 2010, 2014 आणि 2024 ही चार युरोपीय विजेतेपदे. शिवाय चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची तीन विजेतेपदे, तीही मॉंपेलिये, कील आणि बार्सिलोना अशा तीन वेगवेगळ्या क्लबांकडून. जगातील सर्वोत्तम खेळाडूचा आंतरराष्ट्रीय महासंघाचा पुरस्कार त्याला 2007, 2014 आणि 2016 मध्ये मिळाला. या तीन वर्षांतील अंतर मला पुरस्कारांपेक्षाही बोलके वाटते. 2007 मध्ये पुरस्कार मिळवणारा खेळाडू आणि 2016 मध्ये पुरस्कार मिळवणारा खेळाडू यांचे नाव एकच असले तरी त्यांचा खेळ एक नव्हता.

त्याचा जन्म 11 एप्रिल 1984 रोजी तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील निश शहरातला. आई राद्मिला सर्बियन, वडील ब्रँको क्रोएशियन आणि स्वतः हँडबॉलचे गोलरक्षक. वडिलांच्या खेळामुळेच कुटुंब फ्रान्समध्ये आले, आधी स्ट्रासबुर्गला आणि पुढे काही वर्षांनी दक्षिणेकडच्या फ्रोंतिन्यॉंला. गोलरक्षकाच्या घरात वाढलेल्या मुलाला चेंडू कुठे टाकू नये हे फार लवकर समजत असावे, असा माझा आपला अंदाज. मॉंपेलियेत प्रशिक्षक पात्रिस कानाये यांच्या हाताखाली तो घडला. 2003 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम लढतीत पाम्प्लोनाच्या संघाकडून पहिल्या सामन्यात 19-27 असा मार खाल्ल्यानंतर मॉंपेलियेने परतीचा सामना 31-19 असा जिंकला आणि फ्रेंच पुरुष क्लबांपैकी पहिल्यांदाच हा करंडक मिळवला, तेव्हा काराबातिच जेमतेम एकोणीस वर्षांचा होता.

2005 मध्ये तो जर्मनीतील कीलला गेला आणि नोका सर्दारुशिच या प्रशिक्षकाने त्याच्यातला फेकी करणारा राक्षस बाहेर काढला. एक मीटर शहाण्णव सेंटिमीटर उंची, रुंद छाती, आणि नऊ-दहा मीटरवरून बचावफळीच्या डोक्यावरून उडी मारून केलेली फेक. 2007 चा पुरस्कार याच खेळाचा होता. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने ही फेक हीच आपली ओळख मानली असती आणि खांदा थकेपर्यंत ती केली असती. या खेळातील बहुतेक मोठे फेककरी तसेच संपतात, कारण त्या जागेवर पुरेशी उडी राहिली नाही की माणूस बाकावर जातो.

इथे हँडबॉलची एक गोष्ट नीट सांगायला हवी. खेळाडू बदलण्यावर या खेळात कसलीही मर्यादा नाही आणि त्यासाठी खेळ थांबवावाही लागत नाही, म्हणून मोठ्या संघांत आक्रमणाचे खेळाडू वेगळे आणि बचावाचे वेगळे असतात. चेंडू हातचा गेला की दोन-तीन जण धावत बाकाकडे जातात आणि त्यांच्या जागी बचावाचे पहिलवान आत येतात. या अदलाबदलीत जे तीन-चार सेकंद जातात, त्यातच प्रतिस्पर्धी वेगाने गोल करून जातो. काराबातिचला बदलावे लागत नसे. सहा मीटरच्या रेषेपुढे बचावाच्या मध्यभागी उभा राहून जो समोरच्या पिव्हटला, म्हणजे बचावफळीत घुसून उभ्या राहणाऱ्या आक्रमकाला, छातीने रोखतो, तोच चेंडू हिसकावून पुढचे आक्रमण सुरू करतो, ही सोय प्रशिक्षक क्लोद ओनेस्ता यांच्या फ्रेंच संघाला त्याच्यामुळे मिळाली. गोलांच्या तक्त्यात हे काम कुठेच दिसत नाही. बीजिंगचे सुवर्ण, 2009 चे विश्वविजेतेपद आणि 2010 चे युरोपीय विजेतेपद एकाच वेळी स्वतःकडे राखणारा फ्रान्सचा हा संघ पुरुषांमधला पहिला ठरला. याचे श्रेय थिएरी ओमेये या अफाट गोलरक्षकाइतकेच, दिदिए दिनार आणि काराबातिच यांनी गाजवलेल्या त्याच्यापुढच्या भिंतीलाही द्यावे लागेल.

2009 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाग्रेबला होता, क्रोएशियाविरुद्ध, क्रोएशियाच्याच प्रेक्षकांसमोर. वडिलांच्या देशाला त्याच्या राजधानीत 24-19 असे हरवणे ही भावनिकदृष्ट्या सोपी गोष्ट नसावी. पण ब्रँको काराबातिच यांच्या हयातीत ते घडले, हे मला महत्त्वाचे वाटते. 2011 च्या मे महिन्यात ते गेले.

आता त्या प्रकरणाकडे वळतो, ज्याकडे त्याचे चाहते हमखास काणाडोळा करतात. 12 मे 2012 रोजी, फ्रेंच लीगचे विजेतेपद आधीच खिशात असलेला मॉंपेलियेचा संघ सेसों या तळाकडच्या संघाकडून हरला. त्या सामन्याच्या मध्यंतराच्या निकालावर एरवीपेक्षा कितीतरी जास्त पैसे लागले होते आणि ते लावणाऱ्यांत खेळाडूंच्या निकटवर्तीयांचा भरणा होता. कीलहून तोवर पुन्हा मॉंपेलियेला परतलेला निकोला दुखापतीमुळे त्या सामन्यात खेळला नव्हता. सप्टेंबरअखेर पॅरिसमधील सामना संपताच पोलिसांनी खेळाडूंना ताब्यात घेतले, त्यात निकोला आणि त्याचा धाकटा भाऊ लुका दोघेही होते. 2015 मध्ये खालच्या न्यायालयाने निकोलाला दंड ठोठावला आणि फेब्रुवारी 2017 मध्ये अपिलात दोन महिन्यांची स्थगित कैद व दहा हजार युरोंचा दंड अशी शिक्षा झाली. आपण पैज लावली नाही, हे त्याचे म्हणणे शेवटपर्यंत कायम राहिले. जानेवारीअखेर पॅरिसमध्ये विश्वविजेता आणि फेब्रुवारीत दोषी, हा योग त्याच्या चरित्रातून वगळता येत नाही आणि वगळूही नये. मैदानावरच्या मोठेपणाने न्यायालयाचा निकाल पुसला जात नाही. तसेच त्या निकालाने मैदानावरचे कर्तृत्व खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवूनच पाहाव्यात, एवढेच मी म्हणेन.

मॉंपेलिये सोडून तो काही महिने फ्रान्समधल्याच एक्स या क्लबकडून खेळला आणि 2013 मध्ये बार्सिलोनाला गेला. त्याच्या खेळाचे दुसरे पर्व इथे बहरास आले. आता तो फेक करण्याआधी बचावपटूच्या अंगावर जाई, दोघांना आपल्याकडे ओढून घेई आणि शेवटच्या क्षणी चेंडू मोकळ्या साथीदाराच्या हातात देई. ताकद तीच, पण ती आता दुसऱ्याच्या गोलासाठी खर्च होऊ लागली. 2014 च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेर्निंग येथे डेन्मार्कला त्यांच्याच घरी 41-32 असे चिरडणारा फ्रान्सचा सामना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हा खेळ आठवेल. 2015 पासून तो पॅरिस सेंट-जर्मेनचा झाला, लुकाही त्याच वर्षी तिथे आला आणि फ्रेंच लीगची विजेतेपदे वर्षामागून वर्षे येत राहिली. चॅम्पियन्स लीग मात्र पॅरिसला कधीच मिळाली नाही. 2017 च्या अंतिम सामन्यात स्कोपयेच्या वार्दारने शेवटच्या क्षणी 24-23 अशी ती हिरावून नेली. कतारच्या पैशांवर उभा राहिलेला संघ आणि त्यात जमवलेले तारे पाहता मला त्याचे फारसे दुःख झाले नव्हते, हेही सांगून टाकतो.

ऑक्टोबर 2020 मध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याचा क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे सांधा स्थिर ठेवणारा बंध, फाटला. वय छत्तीस. या वयात या दुखापतीनंतर खेळाडू साधारणपणे समालोचनाकडे वळतात. जानेवारी 2021 चा विश्वचषक त्याच्या हातून गेला, पण उन्हाळ्यात तो टोकियोत होता आणि अंतिम सामन्यात डेन्मार्कला 25-23 असे हरवून फ्रान्सने सुवर्ण मिळवले. तेव्हापासूनचा काराबातिच हा तिसरा खेळाडू होता. आक्रमणाची सूत्रे हळूहळू नेदिम रेमिलीकडे गेली, आणि ज्याच्याभोवती संघ बांधला जात होता तो माणूस मुख्यतः बचावाच्या मध्यभागी उभे राहण्यासाठी आणि आक्रमणात रेमिलीला दम खायला मिळावा म्हणून मैदानात येऊ लागला. 2024 च्या युरोपीय स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडूचा मान रेमिलीला मिळाला. आपल्यानंतरच्या पिढीतील खेळाडूला आपली जागा मिळालेली पाहत त्याच संघात दुय्यम काम करणे, तेही तीन वेळा जगातील सर्वोत्तम ठरलेल्या माणसाने, हे मला त्याच्या कुठल्याही गोलापेक्षा अवघड वाटते.

म्हणूनच ऑलिम्पिकला न जाण्याचा सल्ला मला चुकीचा वाटतो. तो तिथे निरोपाच्या टाळ्या घ्यायला गेला असता तर आक्षेप योग्य होता. प्रशिक्षक गिओम जिल यांनी त्याला जे काम दिले होते, ते जानेवारीत कोलोनला अंतिम सामन्यात डेन्मार्कला अतिरिक्त वेळेत 33-31 असे हरवताना उपयोगी पडले होते आणि सहा महिन्यांत ते निरुपयोगी ठरण्याचे काही कारण नव्हते. फ्रान्सचा संघच स्पर्धेत विस्कळीत होता. डेन्मार्क आणि नॉर्वेकडून पराभव, इजिप्तशी बरोबरी, अशी सुरुवात एका वयस्कर खेळाडूमुळे होत नसते.

आणि त्याची कारकीर्द संपवणारा तो उपांत्यपूर्व सामना कसा गेला हे पाहावे. जर्मनीविरुद्ध फ्रान्स 29-28 असा पुढे, हातात चेंडू, काही सेकंद शिल्लक, जिल यांनी खेळ थांबवून सूचना दिलेल्या. त्यानंतर फ्रान्सच्या दिका मेमचा पास जर्मनीच्या युलियान क्योस्टरने मधल्यामध्ये पकडला आणि रेनार्स उश्चिन्सने बरोबरीचा गोल केला. अतिरिक्त वेळेत जर्मनी 35-34 असा जिंकला. उश्चिन्सने त्या सामन्यात चौदा गोल केले. त्याचा जन्म 2002 चा, म्हणजे काराबातिच मॉंपेलियेच्या मुख्य संघात पाय रोवत होता त्या सुमाराचा. त्या शेवटच्या पासचा दोष चाळीस वर्षांच्या माणसाच्या वयावर टाकणाऱ्यांनी ते सेकंद पुन्हा एकदा पाहावेत.

त्याच स्पर्धेत डेन्मार्कच्या मिकेल हान्सेननेही निरोप घेतला, तो मात्र अंतिम सामन्यात जर्मनीला 39-26 असे धुऊन सुवर्णपदक गळ्यात घालून. जगातील सर्वोत्तम खेळाडूचे तीन पुरस्कार त्याच्याकडेही आहेत, आणि पॅरिसच्या संघात तो काराबातिचचा साथीदार होता. दोघांत मोठा कोण हा वाद अजून अनेक वर्षे चालेल. फेक आणि पास एवढ्यावर मोजायचे ठरले तर मी कदाचित हान्सेनला निवडेन. पण बचावातही उभे राहायचे असेल तर माझे मत काराबातिचला.