'17-4 पीएच आधीच कडक येतं, एजिंग कशाला?' या सल्ल्याचा प्रतिवाद

शॉपफ्लोअरवर आणि मोबाइलवर सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. 17-4 पीएच या स्टेनलेस स्टीलचा बार मुळातच 33-35 एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) कडक येतो, मशीनिंग करा आणि जॉब थेट लावा. एजिंग (ठरावीक तापमानाला तापवून ठेवणं) करायचंच तर एच 900 करा (नावातला आकडा म्हणजे एजिंगचं फॅरनहाइट तापमान; 900 म्हणजे 482 सेल्सिअस), ते सगळ्यांत भारी. साइज बदलत नाही. शिवाय स्टेनलेसच आहे, खारं पाणीही चालतं. यातला हार्डनेसचा आकडा तेवढा बरोबर आहे.

'आधीच कडक आहे.' सोल्यूशन ॲनीलिंगमध्ये बार सुमारे 1040 अंश सेल्सिअसला तापवून 32 अंशांच्या खाली थंड केला की मार्टेन्साइट (स्टीलची कडक रचना) तयार होतं. ही कंडिशन ए, म्हणजे एजिंग न केलेली अवस्था. पण 3 ते 5 टक्के तांबं अजून त्यात विरघळलेलंच असतं. एजिंगमध्ये ते अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडतं, त्यातून ताकद येते आणि त्याच वेळी मार्टेन्साइटचं टेम्परिंग होतं, म्हणजे त्याचा ठिसूळपणा कमी होतो. एजिंग न केलेल्या जॉबचा टफनेस (धक्का सोसण्याची क्षमता) भरवशाचा नसतो आणि क्लोराइड असलेल्या जागी ताणाखाली तो तडकू शकतो. म्हणून कंडिशन ए वापरात लावायचीच नसते.

फसगत होते ती हार्डनेस टेस्टरवर. एच 1025 ला किमान 35 एचआरसी लागते आणि कंडिशन ए सुद्धा तेवढीच दाखवते. आकडा एकच, धातूची अवस्था वेगळी. सर्टिफिकेट नसेल तर बारचा छोटा तुकडा कापून 482 अंशांवर 1 तास ठेवा. हार्डनेस चाळिशीपार गेली तर माल कंडिशन ए होता. जवळपास तिथेच राहिली तर तो आधीच वरच्या तापमानाला एज झालेला आहे.

'एच 900 सगळ्यांत भारी.' ताकदीपुरतं खरं. एच 900 ची ताण सोसण्याची ताकद किमान 1310 मेगापास्कल, एच 1025 ची 1070, एच 1150 ची 930. पण टफनेसचा क्रम नेमका उलटा आहे, आणि एज केलेल्या मालात ताणाखाली तडकण्याचा धोकाही एच 900 मध्येच सर्वाधिक. धक्के खाणारा शाफ्ट असेल तर एच 1025 किंवा त्यावरचंच घ्यावं. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या तेल-वायूच्या कामात तर 621 अंशांवर दोनदा एज केलेलं एच 1150 डी किंवा आधी 760 आणि मग 621 अंशांवर एज केलेलं एच 1150 एम, तेही 33 एचआरसीच्या आत, एवढंच चालतं.

इथे तापमान वाढलं की हार्डनेस उतरते, हे भट्टीवाल्याच्याही डोक्यात पक्कं हवं. एच 900 च्या जॉबला भट्टीत चुकून 540 अंश लागले, तर परत 482 ला ठेवून गेलेली ताकद येत नाही. सोल्यूशन ॲनीलिंगपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

'साइज बदलत नाही.' बदलते, जॉब आकसतो: एच 900 मध्ये 100 मिमीला 0.04 ते 0.06 मिमी, एच 1150 मध्ये 0.09 ते 0.12. 50 मिमीच्या बोअरला एच 7 फिट (भोकाच्या टॉलरन्सचा दर्जा, एजिंगच्या 'एच'शी संबंध नाही) असेल तर सगळी टॉलरन्स 25 मायक्रॉनची, आणि एच 900 मध्ये बोअर 20 ते 30 मायक्रॉन आत येतो. म्हणजे एजिंगआधी अगदी मधल्या साइजला फिनिश केलेला बोअरही नंतर लहान पडतो, गो गेज आत जात नाही. आकसणं धरून साइज ठेवा, नाहीतर फिनिशिंग एजिंगनंतर करा.

'खारं पाणी चालतं.' साध्या वातावरणात हे 304 च्या जवळपास टिकतं. साचलेल्या समुद्राच्या पाण्यात मात्र ओ-रिंग आणि गॅस्केटखालच्या फटीत खड्डे पडतात. 300 अंशांच्या वर दीर्घकाळ चालणाऱ्या जागीही ते नको, हळूहळू ठिसूळ होतं.

एजिंग तसं सोपं आहे. कटिंग ऑइल पूर्ण धुवा, विशेषतः गंधकाचं. जॉब गाभ्यापर्यंत तापला की वेळ मोजायला घ्या: एच 900 ला 482 अंशांवर 1 तास, एच 1025 ला 552 वर आणि एच 1150 ला 621 वर 4 तास. मग हवेत थंड करा, पाण्यात टाकायची गरज नाही. आणि ऑर्डरवर नुसतं '17-4 पीएच' लिहू नका. माल कंडिशन ए मध्ये हवा की एज केलेला, केलेला असेल तर कोणत्या कंडिशनला, हे स्पष्ट लिहा आणि भट्टीचा चार्ट मागून घ्या.