पितळी पाती म्हणजे जुना पंखा?
‘पितळी पाती दिसली की पंखा शंभर वर्षांचा समजावा’ हे जुन्या विजेच्या पंख्यांवरच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. पाती आणि जाळी बदलता येतात, नवी पितळी पातीही सर्रास बसवतात. आधी नेमप्लेट, म्हणजे पंख्यावरची कंपनीची माहितीपट्टी, वाचा. एमर्सन, वेस्टिंगहाऊस अशा अमेरिकी पंख्यांच्या प्लेटवर पेटंटच्या तारखा असतात. शेवटच्या तारखेच्या आधीचा तो पंखा असूच शकत नाही. प्लेटवर विजेची फ्रिक्वेन्सी ‘सायकल्स’मध्ये आहे की ‘हर्ट्झ’मध्ये, तेही बघा. हर्ट्झ हे एकक 1960मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत आलं, त्यामुळे ‘1920चा’ म्हणून विकायला ठेवलेल्या पंख्यावर ते दिसलं तर सरळ पुढे चालू लागा. म्हणूनच प्लेट पॉलिशने घासू नका हो, अक्षरं झिजतात आणि पंख्याची ओळखच पुसली जाते!

आणि आणल्या आणल्या प्लगमध्ये लावून बघू नका. कापडी वेष्टनाच्या वायरमधलं रबर कडक होऊन तुकडे पडलेले असतात, पंख्याच्या लोखंडी बॉडीत करंट उतरू शकतो. शिवाय कोलकात्यात डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) पुरवठा कितीतरी वर्षं होता. तिकडचा जुना पंखा असेल तर मागचं झाकण उघडून कार्बन ब्रश आणि कम्युटेटर (फिरत्या भागाला वीज पोचवणारे भाग) आहेत का ते आधी पाहा; ती डीसी मोटरची खूण असू शकते, आणि आपल्या घरातली वीज आता एसी (दिशा बदलत राहणारी) असते. वायर बदलून, इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासून मगच चालू करा.