फुटकी सोडून बाकी निघाल्या

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटमध्ये हॉलच्या मधोमध दोन फरश्या तडकल्या. दोन बाय दोनच्या, व्हिट्रिफाइड. मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला, "साहेब, दोन फरश्यांसाठी कोण येतो? त्यात कुंभमेळ्याची कामं. २०२७ उलटू द्या, मग बघू." तोवर तडा सोफ्याखाली पोचला असता. छन्नी-हातोडा मीच आणला.

शास्त्र सोपं आहे. आधी चारी बाजूंचे सांधे ग्राइंडरने कापायचे, म्हणजे हादरा शेजारच्या फरशीला कमी बसतो. मग फरशी मधोमध फोडायची आणि छन्नी तिरपी धरून कडेकडे सरकत तुकडे उचलायचे. गॉगल हवाच, कपची काचेसारखी उडते. धुळीला मात्र कुठलंच शास्त्र लागू नाही. दारं लावली, ओल्या चादरी टांगल्या, तरी रात्रीचं वरण करकर लागलंच. त्यात काय पडलंय हे विचारायची माझी प्राज्ञा नव्हती.

पहिली फरशी निघाली. खाली चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे मालाचे पाच गोळे, बाकी नुसती हवा. बिल्डरच्या माहितीपत्रकात व्हिट्रिफाइड फ्लोअरिंग ठळक छापलं होतं. हवेचा उल्लेख नव्हता, तरी पैसे चौरस फुटाने तिचेही घेतले.

दुसरी हलेचना. तडा आरपार, पण खालचा माल असा धरलेला की छन्नीचं तोंड बोथट झालं. घाव हिच्यावर, आणि टुणकन वर आली शेजारची, धडधाकट, गुळगुळीत फरशी. (फुटक्याला भक्कम आधार आणि चांगल्याखाली कुणीच नाही, हा प्रकार मी फक्त आमच्या सोसायटीच्या कमिटीत पाहिला होता.)

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका आले. रविवारची मिसळ खाऊन आडव्या झालेल्या माणसाच्या डोक्यावर हातोडा पडत असेल तर भांडण ठरलेलंच. पण दारातून आत येताना त्यांची काठी एका फरशीवर आपटली आणि ते थबकले.

"ही बद्द वाजतेय."

"काका, ती चांगली आहे."

"दिसतेय चांगली. खडू आण."

काका काठी आपटत पुढे आणि मी खडूने फुल्या मारत मागे. अर्धा हॉल झाला तशी स्वयंपाकघरातून ही ओरडली, "अहो, देवघराच्या पुढे गेलात तर याद राखा!"

काका थांबले. काठी पुन्हा एकदा आपटून कान देऊन ऐकलं.

"सूनबाई, देवघरापुढचीच सगळ्यात जास्त बद्द आहे गं!"