नोकरी सरकारी, पण फिरतीची

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सासुरवाडीला पोह्यांना जायचे हा आमच्या घरचा नियम आहे, आणि पोह्यांची दुसरी फेरी होण्याच्या आत जेम्स बॉण्ड कोणत्या नटाला शोभला यावरून भांडायचे हा सासुरवाडीचा. माझा छळ दुसऱ्या नियमातून सुरू होतो, कारण लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळसणाला मी भाबडेपणाने जॉर्ज लेझनबीचे नाव घेतले होते. त्यानंतर पसरलेली शांतता एरवी मुलीने पळून जाऊन लग्न केल्याची बातमी आल्यावर पसरते.

सासऱ्यांचा बॉण्ड अर्थातच शॉन कॉनरी. 1962 सालच्या पहिल्या चित्रपटात, पत्त्यांच्या टेबलाशी, ओठांत सिगारेट ठेवून त्याने आपले नाव सांगितले तो प्रसंग सासरे दर वेळी करून दाखवतात. डॉक्टरांनी सिगारेट बंद केल्यापासून ते ओठांत दातकोरणी धरतात, एक भुवई वर नेतात (दुसरीही तिच्यामागोमाग जाते, त्याला इलाज नाही) आणि खर्जात ‘बॉण्ड, जेम्स बॉण्ड’ म्हणतात. दातकोरणी पोह्यांत पडली तर प्रयोग पहिल्यापासून होतो. एडिंबरोत एके काळी घरोघर दूध पोहोचवणारा हा मुलगा खुद्द लेखक इयन फ्लेमिंगच्या सुरुवातीला मनास आला नव्हता, पण पुढे तो इतका विरघळला की 1964 च्या कादंबरीत त्याने बॉण्डच्या वडिलांनाच स्कॉटिश करून टाकले, हे सासरे माझ्याकडे रोखून बघत सांगतात. मी अजून विरघळवू शकलेलो नाही, असा त्याचा अर्थ असावा. कॉनरीने बॉण्ड साकारताना सगळ्याच चित्रपटांत केसांचा टोप घातला होता, ही गोष्ट मात्र त्या घरात स्थळातली खोड सांगावी तशी स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात बोलली जाते.

तसे पाहिले तर सगळी चर्चा स्थळे पाहावीत तशीच चालते. मेहुण्याच्या पसंतीचा रॉजर मूर. 1982 साली त्याचे चित्रीकरण उदयपूरला झाले, कबीर बेदी उडत्या विमानाला बाहेरून चिकटून राहिला आणि विजय अमृतराजने टेनिसच्या रॅकेटने गुंडांना झोडपले, म्हणजे आपल्याकडची दोन माणसे त्याने पोटापाण्याला लावली, हा मेहुण्याचा बिनतोड मुद्दा. अडचण वयाची आहे. मूर हा कॉनरीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठा होता, त्यामुळे धाकट्याने सोडलेल्या गादीवर 1973 साली थोरला बसला, तोही पंचेचाळिसाव्या वर्षी. 1985 साली शेवटचा चित्रपट लागला तेव्हा तो 57 वर्षांचा होता. ‘तो खलनायकाच्या मागे धावत नव्हता,’ सासरे म्हणतात, ‘पहाटे फिरायला निघाला होता.’

माझ्या पत्नीला टिमथी डाल्टन आवडतो. तो दोनच चित्रपटांत होता. ती एकाच वाक्यात निकाल देते आणि चहा टाकायला उठते, त्यामुळे तिला आजवर कोणी हरवलेले नाही. पिअर्स ब्रॉस्ननचे 1986 साली जवळजवळ ठरले होते, पण दूरचित्रवाणी मालिकेच्या कराराने साखरपुडा मोडला, अक्षता डाल्टनवर पडल्या आणि 1994 साली तेच स्थळ पुन्हा सांगून आले. मेहुण्याचा मुलगा डॅनिएल क्रेगचा. ऑक्टोबर 2005 मध्ये क्रेगला टेम्स नदीतून नौदलाच्या बोटीने पत्रकारांसमोर आणले, तेव्हा अंगात जीवरक्षक जाकीट होते आणि केस सोनेरी. जो जगाला वाचवणार तोच बुडायला घाबरतो म्हणून लोक हसले होते. पुढच्या वर्षीच्या चित्रपटाने सगळ्यांची तोंडे बंद केली, पण सासरे आजही ‘मुलगा चांगला आहे, पण पाच फूट दहा इंच...’ एवढे म्हणून वाक्य सोडून देतात. 2021 साली क्रेगचा बॉण्ड मरण पावला आणि आमच्याकडे नवी स्थळे बघणे सुरू झाले. हेन्री कॅव्हिलची मला खरोखर दया येते: क्रेगच्या वेळी त्याला बाविसाव्या वर्षी वयाने लहान म्हणून नाकारले, आणि आता आमच्या टेबलावर त्याचे वय उलटून गेले आहे.

गेल्या रविवारी पत्नीच्या आत्या आल्या होत्या. चाळीस वर्षे लग्ने जुळवण्यात त्यांची हयात गेली आहे आणि अलीकडे ऐकू थोडे कमी येते. उंची, वय आणि केस एवढेच कानावर पडल्याने त्या सरसावून बसल्या.

‘नोकरी काय म्हणालात?’

‘सरकारी,’ मी म्हणालो. ‘लंडनला. पण फिरतीची.’

‘व्यसन?’

सासऱ्यांनी दातकोरणी हळूच खिशात घातली.

‘यांतला एक तरी संसाराला लागलेला आहे का?’

बारा वर्षे मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. लेझनबी हा ऑस्ट्रेलियातून आलेला मॉडेल होता, अभिनयाचा अनुभव जवळजवळ शून्य, आणि कॉनरीच्या शिंप्याकडे पडून राहिलेला कॉनरीचाच सूट घालून तो भूमिका मागायला गेला होता, हे सगळे मी गाळले. 1969 साली, आपल्या एकुलत्या एका बॉण्डपटात, त्याने एका मुलीशी रीतसर लग्न केले, एवढेच ठासून सांगितले.

‘मग तोच बरा,’ आत्या म्हणाल्या. ‘बाकीच्यांचं काही खरं दिसत नाही.’

सासरे गप्प झाले. मी पोह्यांवर लिंबू पिळले. इतके चवदार पोहे त्या घरात मी कधी खाल्ले नव्हते.

‘पण आत्याआजी,’ मेहुण्याचा मुलगा त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, ‘लग्न लागल्यावर गाडीतून निघतात ना, तिथेच त्याच्या बायकोला गोळी घालतात.’

आत्यांनी बशी खाली ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

‘बिजवर आहे, हे आधी सांगायचं असतं, जावईबापू.’