टाकी आधी की हवा आधी? दारव्ह्याकडच्या दादांना उत्तर

एअर रायफलमध्ये दाबाची हवा भरायला पहिली टाकी कोणती घ्यावी, या माझ्या मागच्या लेखावर दारव्ह्याकडच्या एका वाचकाची प्रतिक्रिया आली. लांब आहे, मुद्द्यापुरती देतो (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप):

"भाऊ, तुम्ही लोकाईले नुसतं भेव दाखवून राहिले. एवढ्या पैशात पोराची दुसरी रायफल येते. ३०० बारची टाकी घ्या म्हणता, पण भराची कुठं, ते एका ओळीत तरी सांगतलं काय? आम्ही लेथवर अडाप्टर बनवून वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरला, भाच्याची रायफल मस्त चालून राहिली. अन् भंगारात सीएनजीची जुनी टाकी भेटली, तीबी २०० बारचीच. टाकी म्हणजे टाकी. बाकी सगळे शहरातल्या लोकाईचे चोचले."

दादा, बाकीचं मागून बोलू. आधी भाच्याची रायफल.

ती आजपासून झाडू नका. तेल लावू नका, ग्रीस लावू नका, काही खोलायला जाऊ नका. मोकळ्या अंगणात, जवळपास कोणाची बिडी पेटलेली नाही हे बघून, हवा सोडायच्या स्क्रूनं अगदी सावकाश रिकामी करा. मग दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि आत ऑक्सिजन भरला होता हे त्याला स्पष्ट सांगा. लाजू नका, त्यानं असं आधीही बऱ्याचदा ऐकलं असेल.

कारण असं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. म्हणजे २०० बार हवा भरलेल्या रायफलीत ऑक्सिजनचा वाटा साधारण ४२ बारचा. वेल्डिंगच्या सिलिंडरमधून तुम्ही सगळाच्या सगळा ऑक्सिजन आत घातला, तोही १५० बारच्या आसपास. एवढ्या दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ग्रीसचा ठिपका, रबराची ओ-रिंग, वेळप्रसंगी ॲल्युमिनियमसुद्धा पेटतं. ठिणगीची गरज नाही. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढची हवा दाबली जाते आणि तापते. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं, त्यात कुठं प्लग असतो? फरक एवढाच, की तिथं स्फोट सोसायला जाड लोखंडाचं हेड असतं आणि इथं नळीला भाच्याचा गाल टेकलेला असतो. वेगवेगळ्या गॅसच्या सिलिंडरांचे आटे वेगळे ठेवतात ते चुकून एकात दुसरं जाऊ नये म्हणून. तुम्ही लेथवर बनवलं ते अडाप्टर नाही, तो अडसर काढून टाकायचा रस्ता आहे. ते अडाप्टर भंगारात टाका.

आता सीएनजीची टाकी. २०० बार लिहिलंय हे खरं, पण ती भंगारात का आली, हे विचारलं का? सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी होते. भंगारात येते ती बहुधा नापास झालेली किंवा अपघातातली. वरून पाहिली तर चकाचक दिसेल. दुसरं म्हणजे आतल्या भिंतीला कॉम्प्रेसरचं तेल आणि गॅसचा अंश चिकटलेला असतो. त्यात दाबाची हवा सोडली की वरचाच डिझेलचा खेळ, आता मात्र पन्नास-साठ लिटरच्या भांड्यात. या बाबतीत मी शहरी, ग्रामीण, चोचला काही मानत नाही.

गंमत बघा, देशभरातल्या अशा टाक्यांना मंजुरी देणाऱ्या पेसो या खात्याचं मुख्य कार्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. टाकी घेताना तिच्या मानेवरचे शिक्के वाचा: क्रमांक, पाण्याची क्षमता किती लिटर, कामाचा दाब, चाचणीचा दाब, चाचणीची तारीख. शिक्के घासलेले असतील तर विकणारा सख्खा भाऊ असला तरी सोडून द्या. स्पर्धेच्या पिस्तुलांचंही तसंच. मोरिनी, स्टायर यांसारख्या पिस्तुलांच्या सिलिंडरवर तारीख असते आणि ती दहा वर्षांपुरती धरतात. स्पर्धेत मुदत तपासणं ही नेमबाजाची जबाबदारी असते. वापरलेलं पिस्तूल स्वस्तात घेऊन पुढं नव्या सिलिंडरसाठी पैसे मोजणारे मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

आता तुमचा जो मुद्दा मला खरंच लागला, त्याकडे येतो. भराची कुठं?

ते मी लिहिलं नव्हतं. चूक माझी. लेखात मी टाकीपासून सुरुवात केली आणि हवा गृहीत धरली, कारण माझी टाकी बुटीबोरीकडे कारखान्यांना श्वसनसंच पुरवणारा एक जण भरून देतो. हिंगणघाटहून मला ते जमतं. आर्णी-दारव्ह्याच्या माणसाला दीडशेहून जास्त किलोमीटर जाऊन हवा आणणं म्हणजे विहीर परगावी आणि शेत इथं. तेव्हा आधी हवा कुठून येणार ते ठरवा, मगच टाकीचं नाव काढा. गावातला पंक्चरवाला कामाचा नाही, त्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारला थांबतो.

हवा ३०० बारची मिळत असेल तरच ३०० ची टाकी. हिशेब करून दाखवतो, कारण इथं बरेच जण लिटर बघून फसतात. रायफलचं सिलिंडर २०० सीसीचं धरू आणि दर वेळी १०० वरून २०० बारपर्यंत भरू. १२ लिटरची लोखंडी टाकी २०० बारला भरलेली असेल, तर पूर्ण २०० तुम्हाला एकदाही मिळत नाही. पहिल्या भरण्यातच दोनेक बार उतरतात आणि डझनभर वेळा भरल्यावर काटा १८० वर. याउलट ६.८ लिटरची कार्बन फायबरची टाकी, अग्निशामक दलाचे जवान पाठीवर घेतात तशी, ३०० वरून २०० वर येईपर्यंत दर वेळी रायफल पूर्ण भरते. कागदावर गणित ३४ वेळा सांगतं. प्रत्यक्षात २८ च्या आसपास, कारण ३०० बारला हवा पुस्तकातल्या नियमाइतकी दबत नाही, जवळपास दहा टक्के कमी बसते. विकणारा ३४ चाच आकडा सांगेल. आणि व्हॉल्व्ह बघून घ्या: २०० बारच्या जोडणीचा आटा आखूड असतो, ३०० च्या व्हॉल्व्हला तो बसून सील होतच नाही.

पण ३०० ची हवा जवळ नसेल तर हे सगळं बाजूला ठेवा. मग दोन वाटा.

एक, औद्योगिक नायट्रोजन. ऑक्सिजनच्या त्याच दुकानात मिळतो, म्हणून सिलिंडर उतरवून घेताना नाव दोनदा वाचायचं. हवेत ७८ टक्के तोच असतो, कोरडा असतो, पेटत नाही. ४७ लिटरचं सिलिंडर साधारण १५० बारचं येतं. पूर्ण २०० मिळणार नाही, पण रायफल १३०-१४० पर्यंत सत्तर-ऐंशी वेळा सहज भरेल. सरावाला चालतं, छर्रे मोजून मारायचे. नायट्रोजनचीच खरी जोडणी आणि रेग्युलेटर घ्या, सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधा, खोलीची खिडकी उघडी ठेवा.

दुसरी, हातपंप. फवारणीचा नव्हे, तीन टप्प्यांचा, २०० बारच्या वर जाणारा. मी लेखात त्याला एका वाक्यात उडवलं होतं. तेही चुकलंच. २०० सीसीला शंभराच्या आसपास दांडे मारावे लागतात, मध्ये थांबून, नाहीतर पंप तापून वायसर जातात. पण एका पोराला रोजचे साठ-सत्तर छर्रे मारायचे असतील तर पंप पुरतो. पिस्तुलाला तर एकदा भरलं की दीडशेच्या आसपास छर्रे निघतात. तुमचा पोरगा पऱ्हाटीत राबणारा आहे, त्याला शंभर दांडे काय जड!

एक गोष्ट मात्र पंपवाल्यांनी आणि टाकीवाल्यांनीही धरून ठेवावी: ऋतू. जुलैत ३० अंश तापमान आणि ८० टक्के दमट हवा असली की एका घनमीटरात चोवीसेक ग्रॅम पाणी असतं. ६.८ लिटरची टाकी ३०० पर्यंत भरायला जवळपास दोन घनमीटर हवा लागते. म्हणजे फिल्टर नसेल तर एका वेळी चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम पाणी, चहाचा अर्धा कप, आत कोंबला. डिसेंबरात तीच टाकी भरली तर पाणी बरंच कमी येतं. म्हणून भरून देणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो: फिल्टरमधला माल कधी बदलला? तो कपाळावर आठ्या घालून "कोणता माल?" म्हणाला तर मी टाकी परत गाडीत टाकतो. पंपालाही सुकवणारी डबी लावा, पावसाळ्यात तिचे दाणे बदला.

भरण्याची घाईही नको. झपाट्यानं भरलेली टाकी तापते. साठ अंशावर ३०० दाखवणारा काटा रात्री थंड झाल्यावर २७०-२७५ वर येतो आणि लोक म्हणतात टाकी गळते. उलट हिवाळ्यात ३०० भरून मे महिन्यात टिनाच्या शेडखाली ठेवली, तर तोच काटा ३४० च्या पुढे जाईल. चाचणीचा दाब ४५० चा असतो म्हणून ती लगेच फुटत नाही, पण कापसाच्या गोदामात ती कशाला परीक्षेला बसवायची.

जाता जाता, एअर रायफलनं रोही (नीलगाय) आणि रानडुकरं मारता येतील का, असं दोघांनी विचारलंय. नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय तो गुन्हा आहे, आणि साडेचार मिलिमीटरचा छर्रा डुकराला मारत नाही, जखमी करून चिडवतो.

दादा, माझा जुना पंप पडून आहे. वायसर बदलून ठेवतो. दिवाळीनंतर हिंगणघाटला या, पोराला घेऊन या, आणि ते अडाप्टर खरंच टाकलं का ते तेवढं सांगा.